उपाशीपोटी आलेली माणसं

माझ्या मैत्रिणी विचारतात, "शैला, तुला असले किस्से भेटतात कुठे गं?" मला कुठे जावं लागत नाही. दहिसर पूर्वेला एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथे मी बावीस वर्षं लोकांचं रक्त काढतेय. सकाळी सात ते दहा या वेळात माणसं येतात ती बारा-बारा तास उपाशी राहून, चहाचा घोटसुद्धा न घेता. उपाशी माणूस चिडलेला असतो आणि चिडलेला माणूस मनात असेल ते बोलून टाकतो. मी आपली दंडाला पट्टा बांधते, सुई टोचते आणि ऐकते. एक किस्सा घरी जाऊन सांगेपर्यंत दुसऱ्या दिवशी दोन तयार असतात.

लोकांना वाटतं मला यात मजा येते. येते थोडी, पण खरं सांगू? जास्त संताप येतो. दाढ दुखली की माणूस धावत सुटतो, ताप आला की घर डोक्यावर घेतो. कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही, आत गुपचूप साचत राहतं. त्यामुळे त्याला कुणी जुमानत नाही!

त्यात माझी एक दुखरी नस आहे, ती आधीच सांगून टाकते. माझी वहिनी. मुलुंडला राहते, सुरेशदादाची बायको, अंगाने अगदी काडी. तिचे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कणकवलीला अंगणात बसल्या बसल्या गेले. सख्खा भाऊ चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. दोघांचंही हृदय. वहिनी आता एक्कावन्नची आहे आणि ती कोलेस्टेरॉल तपासायला कधी तयारच नव्हती. "एकदा रक्त दे," म्हणून मी तीन वर्षं तिच्या मागे लागले होते. अर्ध्या दहिसरचं रक्त काढलं मी, पण घरच्या बाईचं पाच मिली मला मिळत नव्हतं!

*

आमच्या समोरच्या सोसायटीत साळगावकर काका राहतात. वय पासष्टच्या पुढे, दर सहा महिन्यांनी न चुकता लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची सगळी तपासणी करतात. मला फार कौतुक होतं त्यांचं. दरवेळी रिपोर्ट चांगला यायचा. मी इतरांना सांगायचे, "बघा, काकांकडून शिका."

एकदा काकांच्या बरोबर काकू आल्या. काका सुईकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले आणि काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "शैला, दर महिन्याला बोलाव गं यांना."

"का हो काकू?"

"तपासणीच्या आधी दहा दिवस दुधीचा रस, उकडलेल्या भाज्या, फोडणी बंद. रिपोर्ट आला की त्याच संध्याकाळी कोंबडी-वडे. मग पुढची तारीख येईपर्यंत रोज काही ना काही तळण!"

माझं डोकंच सटकलं. ट्रायग्लिसराइड नावाची जी चरबी रक्तात असते ती चार दिवस हात आवरला तरी खाली येते. पण रक्तवाहिनीच्या भिंतीवर जे वर्षानुवर्षं साचलं, ते दहा दिवसांच्या दुधीने जाईल का? संध्याकाळी काका रिपोर्ट घ्यायला आले. सगळे आकडे चौकटीत. खिडकीतूनच ओरडले, "पास झालो, मॅडम!"

मी म्हटलं, "काका, ही काय बोर्डाची परीक्षा आहे? दहा दिवस अभ्यास आणि सहा महिने उनाडक्या?"

काका शांतपणे रिपोर्टची घडी घालत म्हणाले, "मग मार्क कशाला देता?"

*

दळवी आणि पै हे दोघे मित्र. सकाळी एकत्र फिरायला जातात, म्हणजे बाकावर बसायला जातात. दोघांनी पैज लावली की ज्याचे आकडे कमी येतील त्याला दुसऱ्याने मिसळ खिलवायची. एकाच दिवशी दोघांचं रक्त काढलं, एकाच दिवशी दोघे रिपोर्ट घ्यायला हजर.

दळवींचं एकूण कोलेस्टेरॉल एकशे सत्तर, पैंचं दोनशेच्या वर. दळवींनी काउंटरवर मूठ आपटली. "जिंकलो! बघा मॅडम, हे एचडीएल का काय, ते पण माझं सत्तावीस आणि याचं बासष्ट. सगळंच कमी!"

मला राहवलं नाही. म्हटलं, "दळवी, एचडीएल कमी असणं चांगलं नाही हो. ते जास्त पाहिजे."

"असं कसं? कोलेस्टेरॉल म्हणजे वाईट ना?"

मग मी खाली बसून त्यांना समजावलं. कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच, फक्त ते रक्तातून वाहून कोण नेतं हे बघायचं. एलडीएल ते घेऊन निघतं आणि जास्त झालं की वाटेत रक्तवाहिनीच्या भिंतीवर टाकत जातं. एचडीएल ते उचलून परत लिव्हरकडे घेऊन जातं. तुमच्या दोघांचं एलडीएल साधारण सारखंच आहे. पण दळवी, कचरा तेवढाच आणि झाडूवाले निम्मे, अशी तुमची गत आहे. नुसता एकूण आकडा बघून काही कळत नाही.

दळवींचा चेहरा पडला. पै उसळले, "म्हणजे पैज मी जिंकलो! मिसळ तुझ्याकडून, तर्री मारके!"

"सगळं कमी असून मी हरलो? हे कसलं शास्त्र, यार?"

काउंटरवर दोघांची जुंपली. मागे चार उपाशी माणसं ताटकळत होती, त्यांच्यातल्या एकाने तर मिसळीचं नाव ऐकून आवंढा गिळला. शेवटी मीच ओरडले, "गप्प बसा दोघं! मिसळीचं काय घेऊन बसलात? दळवी, एचडीएल सुधारायचं तर चालायला लागा, बाकावर बसून होणार नाही!"

दळवी दारातून वळून म्हणाले, "हॉटेलपर्यंत चालतच चाललोय, मॅडम!"

*

मालाडला आमच्या मावशीकडे जाताना वाटेत एक फरसाणवाला लागतो. गेल्या वर्षी त्याने दुकानावर मोठा बोर्ड लावला, हिरव्या अक्षरात. "आमचा चिवडा झीरो कोलेस्टेरॉल!" खाली हसणाऱ्या हृदयाचं चित्र. त्या बोर्डाखाली ही गर्दी! एक बाई तर सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालीय म्हणून अर्धा किलो घेत होती.

मी तरातरा काउंटरशी गेले. म्हटलं, "शेठ, हा काय प्रकार आहे?"

"काय झालं, ताई?"

"कोलेस्टेरॉल मांसात, अंड्यात, दुधातुपात असतं. शेंगदाण्यात, पोह्यात, तेलात ते कधी नव्हतंच. तुम्ही काढलंत काय त्यातून?"

"नाही काढलं."

"मग? पण चिवडा तळलेला आहे ना? तेच तेल पुन्हा पुन्हा तापवता ना? मीठ मूठभर घालता ना? या सगळ्याने लोकांचं एलडीएल वाढतं, बीपी वाढतं. कोलेस्टेरॉल बाहेरून आलं नाही तरी अशा खाण्याने लिव्हर ते घरच्या घरी वाढवून देतं. त्या बाईंच्या सासऱ्यांना तुम्ही काय खायला घालताय ते कळतंय का?"

दुकानातली माणसं थांबून ऐकायला लागली होती. मला वाटलं, आता हा बोर्ड खाली उतरवतो. शेठने झारा खाली ठेवला, हात पुसले आणि अगदी नम्रपणे विचारलं, "ताई, म्हणजे बोर्ड खोटा नाही ना?"

"खोटा नाही, पण..."

"झालं तर मग!" असं म्हणून त्याने त्या बाईला अर्ध्या किलोवर एक मूठ चिवडा जास्त घातला.

*

गावकर काकी दहिसर नदीच्या बाजूच्या चाळीत राहतात. मूळच्या मालवणच्या, बोलणं अजून तिकडचंच. काकांचं एलडीएल वाढलेलं, डॉक्टरांनी रोज रात्री एक गोळी लिहून दिली. तीन महिन्यांनी तपासलं तर फरक जेमतेम. डॉक्टर बुचकळ्यात पडले. मी काकींना विचारलं, "गोळी रोज घेतात ना काका?"

"रोज म्हणजे? मी स्वतः दितंय हातार!"

"एकही दिवस चुकत नाही?"

"नाय गो! डॉक्टरान एक गोळी सांगल्यान. अर्धी ह्यांका दितंय, अर्धी मी घेतंय. माका पण जाडी आसा, माका पण आसतलाच मा ता कोलेस्टेरॉल!"

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "काकी, अहो, तुमचं तपासलंय कुठे? आणि गोळी म्हणजे काय करंजी आहे, अर्धी-अर्धी करायला? काकांना डोस पुरत नाही आणि तुम्ही न विचारता औषध घेताय!"

काकी वरमल्या. पुढच्या वेळी आल्या तेव्हा काकांचं एलडीएल छान खाली आलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "बघा, पूर्ण गोळी घेतल्यावर कसा फरक पडला! आता अशीच चालू ठेवायची."

"चालू?" काकी म्हणाल्या, "रिपोर्ट नॉर्मल इलो तसो बंद केलंय! उरलेलो पत्तो दिरांका दिलंय. त्यांका छातीत जळजळता."

गोळीने आकडा खाली आला, तर गोळी बंद! आणि जळजळीवर कोलेस्टेरॉलची गोळी! त्या दिवशी मी आणि माझा सहकारी मिलिंद, दोघं मिळून त्यांच्या चाळीत गेलो आणि दिरांकडून तो गोळ्यांचा पत्ता परत आणला. काकांना पुन्हा डॉक्टरांसमोर बसवलं.

*

हा मिलिंद एरवी शांत माणूस, पण एकदा तोही ओरडला होता. सकाळी साडेसातला एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, शर्ट घामाने भिजलेला, डाव्या हाताने छाती धरलेली. बाहेर गारवा होता, पंखासुद्धा चालू नव्हता.

"लिपिड प्रोफाइल करायचंय. अर्जंट," म्हणाले.

मिलिंदने विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"रात्रीपासून छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय. बायको म्हणते हॉस्पिटलला चल. मी म्हटलं, आधी कोलेस्टेरॉल बघतो. नॉर्मल आलं तर कशाला उगाच जा?"

"अहो, हे कोलेस्टेरॉलने कळत नाही! ईसीजी काढावा लागतो. कोलेस्टेरॉल नॉर्मल असून पण अॅटॅक येतो!" मिलिंदचा आवाज चढला. मी तोवर रिक्षा थांबवायला रस्त्यावर पळाले होते.

गृहस्थ उठायला तयार नाहीत. "बारा तास उपाशी राहिलोय, रक्त तरी काढून घ्या. उपास फुकट जाईल!"

मी आणि मिलिंदने त्यांना अक्षरशः बखोटीला धरून रिक्षात घातलं. मिलिंद बरोबर गेला. अॅटॅकच होता. वेळेत पोचले म्हणून वाचले. मिलिंद सांगत होता, स्ट्रेचरवर आडवे केले, छातीला वायरी लावल्या, डॉक्टर-नर्स धावतायत आणि हे मान वर करून विचारतायत, "आता चहा प्यायला हरकत नाही ना?"

*

बोरिवलीच्या एका मोठ्या सोसायटीत हृदयतपासणी शिबिर होतं. आमची लॅब रक्त काढायला गेली होती. मंडप, सतरंज्या, वर बॅनर. "आपले हृदय, आपली जबाबदारी." चेअरमनसाहेब माइकवरून नावं पुकारत होते. एकामागून एक पुरुष येत होते, बाही वर करत होते, रक्त देऊन पलीकडे जात होते. पलीकडे उपमा, इडली, चहा. आणि तिथे वाढायला उभ्या कोण? सोसायटीतल्या सगळ्या बायका!

दहा वाजले, तरी माझ्यासमोर एकही बाई आली नव्हती. मी चेअरमनना म्हटलं, "साहेब, बायकांना पाठवा आता."

"त्या नाश्त्याचं बघतायत ना."

"मग नाश्त्याचं पुरुषांना बघू दे थोडा वेळ."

साहेब हसले. "मॅडम, हृदयाचा त्रास जास्त करून जेन्ट्सना. लेडीज आपल्या काटक असतात."

मी रबरी हातमोजे काढले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या हातातला माइक ओढून घेतला असेल. म्हटलं, "पाळी थांबली की बायकांचं एलडीएल चढायला लागतं. त्यांच्या अॅटॅकमध्ये कधी कधी छातीत दुखत पण नाही. जबडा दुखतो, पाठ दुखते, नुसती धाप लागते, आणि घरचे सांगतात अॅसिडिटी आहे, सोडा घे! इथे आहे का कुणी असं?"

इडल्या वाढणाऱ्या बायका थबकल्या. दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. एक साठीच्या बाई चमचा तसाच हातात घेऊन पुढे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला जिना चढताना जबडा दुखतो. सहा महिने झाले."

 मला वाटलं, आता तरी कुणाला लाज वाटेल. मागून त्यांच्या नवऱ्याचा आवाज आला, "अगं, तेवढा चटणीचा डबा इकडे देऊन जा!"

त्या बाईंना मी तिथेच खुर्चीत बसवलं आणि आमच्या डॉक्टरांना फोन लावला. चटणीचा डबा नवऱ्याने स्वतः उठून घेतला, कारण मी त्याच्याकडे बघत होते.

*

त्याच आठवड्यात भाऊबीज होती. मी मुलुंडला गेले. दादाला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. त्यामुळे त्याचं ताट वेगळं. त्याला बदाम, त्याला ओट्स, त्याची भाजी चमचाभर तेलात. वहिनीचं ताट मी कधी नीट भरलेलं पाहिलं नाही. सगळ्यांचं झालं की कढईत उरेल ते, कधी कधी कालचं. वर सोमवार आणि गुरुवार उपास, दादाच्या हृदयासाठी धरलेले!

मी दादाला ओवाळलं. तो म्हणाला, "बोल, काय हवं यंदा?"

"वहिनीचं पाच मिली रक्त."

सगळे हसले. दादा म्हणाला, "सणासुदीला काय रक्ताचं काढतेस, शैला? साडी माग ना."

"मी मस्करी करत नाहीये, दादा. हिचे वडील गेले, भाऊ गेला. असं घराण्यात असेल तर बारीक माणसाचं पण एलडीएल जन्मापासून जास्त असतं. जाडीचा संबंध नसतो. उद्या सकाळी मी इथेच थांबते, उपाशीपोटी घेते आणि जाते."

दादा वहिनीकडे बघायला लागला. वहिनी ताटातलं निरांजन सारखं करत म्हणाली, "माझं राहू दे गं. आधी ह्यांचं एकदा नीट होऊ दे."

दादाचं नीट होत नव्हतं, हे खरंच होतं. स्टेंटनंतर घरी येऊन रक्त नेणारी मुलुंडची एक लॅब त्याने लावली होती. "तुझ्यासमोर हात पुढे करायला नको, तू टोचताना भाषण देतेस," असं मला म्हणाला होता. तिथून तीन वेळा रिपोर्ट आले. गोळ्या चालू असून एलडीएल दोनशेच्या खाली यायला तयार नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी डोस वाढवला, मग दुप्पट केला. दादाच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. वहिनी काळजीने अर्धी झाली. मी दादाला फोनवर झापायचे, "तू बाहेर चोरून खातोस!" तो बिचारा शपथा घ्यायचा. त्या भाऊबीजेला मी साडी घेतली आणि चडफडत परत आले.

*

मागच्या महिन्यात दादाचा चौथा रिपोर्ट आला. वहिनीने मला व्हॉट्सअॅपवर पाठवला, खाली हात जोडलेले. पहिल्या पानावर एलडीएल दोनशे सोळा. लोक तिथेच थांबतात, पुढची पानं कुणी उघडत नाही. मी उघडली. दुसऱ्या पानावर या वेळी पहिल्यांदाच हिमोग्लोबिन होतं. नऊ!

दादाचं हिमोग्लोबिन आजवर कधी चौदाच्या खाली नव्हतं.  स्टेंटमुळे तो रक्त पातळ करायची गोळी घेतो. मी तसाच रिपोर्ट त्याच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांनी ताबडतोब बोलावून घेतलं. मीही सुट्टी टाकून मुलुंडला पोचले.

डॉक्टर गंभीर होते. म्हणाले, "मिस्टर सावंत, गोळ्यांमुळे पोटात आतून रक्तस्राव होत असण्याची शक्यता आहे. उद्याच दुर्बीण टाकून बघू. तोंडातून नळी आत सोडतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्यात काही दिसलं नाही तर खालूनही बघावं लागेल."

दादाने खुर्चीचे हात घट्ट धरले. कपाळावर घाम आला. वहिनीने पदराने त्याला वारा घालायला सुरुवात केली. डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले तसा दादा एकदम ओरडला, "ते रक्त माझं नाहीये!"

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"म्हणजे?" मी विचारलं.

दादाने खाली मान घालून सगळं सांगितलं. कबड्डीत जिल्ह्यापर्यंत खेळलेला माझा भाऊ! अँजिओप्लास्टीच्या वेळी हॉस्पिटलात टोचून टोचून त्याने सुईची अशी धास्ती घेतली होती की रक्त न्यायला माणूस आला की हा बाथरूममध्ये जाऊन कडी लावायचा. रक्त नेणाऱ्याला आणखी दहा घरं करायची असायची. वहिनी हात पुढे करायची, तो बाटली भरायचा, सावंत नावाची चिकटपट्टी लावायचा आणि निघायचा. चारही वेळा! नाव विचारायचं नाही, वय विचारायचं नाही, कागदावर पुरुष लिहिलंय आणि समोर बाई बसलीय हे बघायचं नाही! त्या लॅबवाल्याला मी नंतर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"अरे, पण असं कसं वाटलं तुला चालेल म्हणून?" मी दातओठ खात विचारलं.

दादा म्हणाला, "एकाच कढईतलं खातो ना गं आम्ही दोघं! मग रक्तात काय वेगळं असणार?"

"आणि वहिनी, तू? तू पण गप्प बसलीस?"

"हे म्हणाले, शैलाला सांगू नकोस, ओरडेल. आणि मला पण वाटलं, घरातल्या एकाचं बघितलं काय नि दुसऱ्याचं बघितलं काय."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तीन वर्षं ज्या रक्तासाठी मी जंग जंग पछाडत होते, ते चार वेळा तपासून झालं होतं. तिची औषधं दुसऱ्याच माणसाच्या पोटात जात होती आणि तिने उपास धरले होते! मला रडू फुटायचंच बाकी होतं. मी वहिनीचे दोन्ही खांदे धरले.

"वहिनी, नीट ऐक. कढईचा काही संबंध नाही. कोलेस्टेरॉल बरंचसं आपलं लिव्हर बनवतं आणि तुझं लिव्हर तुझ्या बाबांकडून आलंय, दादाकडून नाही. हे दोनशे सोळा तुझं आहे. हे नऊ हिमोग्लोबिन तुझं आहे. यातलं काहीच दादाचं नाही. कळतंय का तुला? सगळं तुझं आहे!"

 वहिनीने दादाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. तिने तिथेच, डॉक्टरांच्या टेबलासमोर, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"सुटले गं बाई," ती म्हणाली. "म्हणजे ह्यांचं सगळं चांगलं आहे!"